गरोदर बाईचा लाल डोळा



नेत्रतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशाताई आणि औषध विक्रेते असे सगळे एका मांडवाखाली क्वचितच बसतात. आज या परिषदेत बसले आहेत, म्हणून अध्यक्ष या नात्याने मी तुम्हा सर्वांच्या हद्दीवर पडणारा, आणि म्हणूनच कुणाच्याच वाट्याला न येणारा एक प्रश्न निवडला आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचा डोळा लाल झाला, चिकटला, दुखू लागला, तर त्यात प्रतिजैविकाचे थेंब घालावेत की नाही? नेत्रतज्ज्ञ म्हणतो, "तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारून या." बाळंतपणाचे डॉक्टर म्हणतात, "डोळ्याचं आम्ही काय सांगणार?" मेडिकलवाला विचारतो, "कितवा महिना? मग राहू द्या." घरी सासू म्हणते, "काही घालू नकोस, बाळाला बाधेल." चौघांचाही हेतू चांगला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या चांगल्या हेतूने बाळाचं रक्षण होत नाही आणि आईचा डोळा मात्र कधी कधी जातो. थेंब टाळून आपण बाळाला औषधापासून दूर ठेवतो असं आपल्याला वाटतं; अनेकदा आपण त्याला जास्त मोठ्या औषधाकडे ढकलत असतो.

हे सिद्ध करायचं तर आधी थेंबाचा प्रवास पाहायला हवा. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत आधीचे अश्रू धरून जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे थेंबाचा बराच भाग गालावर ओघळतो किंवा अश्रूनलिकेतून नाकात उतरतो. नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून तो रक्तात जातो, आणि गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही. त्यामुळे 'डोळ्यातलं औषध डोळ्यातच राहतं' असं आपण रुग्णाला सांगतो ते खरं नाही. औषध रक्तात जातं. प्रश्न किती जातं याचा आहे, आणि तो हिशेब आपल्याला करता येतो. मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब ०.५ टक्क्याचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध. मोठ्यात मोठा थेंब धरला तरी त्यात पाव मिलिग्रॅम. दोन्ही डोळ्यांत दिवसातून तीनदा घातले तर सहा थेंबांचे दीड मिलिग्रॅम. याच औषधाची गोळी असते ४०० मिलिग्रॅमची. ही झाली बाटलीतली मात्रा. रक्तात प्रत्यक्ष मोजलं तेव्हा थेंबांनंतरची सर्वोच्च पातळी गोळीनंतरच्या पातळीच्या सोळाशेपट कमी आढळली. ही माहिती त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात छापलेली आहे. आपण ती पत्रकं घडी न उलगडता टाकून देतो.

मॉक्सिफ्लॉक्सासिन ज्या गटात मोडतं त्या फ्लुओरोक्विनोलोन गटाबद्दलची भीती आली ती प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून. तोंडावाटे मोठ्या मात्रेत औषध दिल्यावर कुत्र्याच्या पिल्लांच्या सांध्यांतली कूर्चा बिघडली. ती नोंद खरी आहे आणि म्हणून गर्भारपणात या गोळ्या पहिली पसंती नसतात. पण टोरांटोच्या एका संशोधकांच्या चमूने १९९८ साली गरोदरपणात या गटाची औषधं घेतलेल्या २०० स्त्रियांची तुलना तितक्याच इतर स्त्रियांशी केली, तेव्हा मोठ्या जन्मजात व्यंगांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास निघालं. कुठलंही औषध न घेतलेल्या गर्भारपणातही एवढं प्रमाण असतंच. गोळ्यांच्या पूर्ण मात्रेची ही कथा असेल, तर तिच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी पातळीबद्दल किती घाबरायचं, हे आपलं आपण ठरवू शकतो.

इथे एक सावधगिरी लगेच सांगतो. 'थेंब आहेत, म्हणजे निर्धोकच' असा नियम मी मांडत नाही. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब याच वाटेने रक्तात जातात आणि हृदयाची गती मंद करू शकतात, कारण त्या औषधाला परिणामासाठी फार थोडी मात्रा पुरते. प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. मी आज बोलतो आहे तो प्रतिजैविकांपुरता, आणि तिथेही सरसकट नाही. बाळंतपण जवळ आलं असताना सल्फाचे थेंब मी टाळेन, कारण नवजात बाळाच्या काविळीशी त्या गटाचं नातं आहे. टेट्रासायक्लिनने दुधाचे दात डागाळतात हे आपण विद्यार्थीदशेपासून ऐकलं आहे. तो दोष पोटात घेतलेल्या औषधाचा असला, तरी मलमाला पर्याय हाताशी असताना ते वापरायचं कारण नाही. टोब्रामायसिन, अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनचं मलम ही नावं डोळ्यांपुढे ठेवली तर बहुतेक वेळा काम भागतं.

आपल्या घबराटीचं एक मूळ पाठांतरात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये गर्भारपणासाठी औषधांचे ए, बी, सी, डी, एक्स असे वर्ग पाडले. थॅलिडोमाइड या औषधाची आपत्ती तेव्हाही सर्वांच्या स्मरणात होती. त्याच्यामुळे हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते उघडकीला आलं, त्यामुळे काहीतरी शिस्त लागणं आवश्यकच होतं. पण 'सी' वर्गात प्रामुख्याने अशी औषधं गेली, ज्यांचे मानवावरचे पुरेसे अभ्यास नव्हते. आपण मात्र 'सी' म्हणजे धोका असं वाचत आलो. टोब्रामायसिनचंच पाहा: इंजेक्शन 'डी' वर्गात, थेंब 'बी' वर्गात. औषध तेच, फरक मात्रेचा. या अक्षरांनी गैरसमज वाढतात हे ओळखून त्याच प्रशासनाने २०१५ पासून ती नव्या माहितीपत्रकांतून काढून टाकायला घेतली आणि त्या जागी सलग वर्णन लिहायला लावलं. ज्यांनी ती अक्षरं बनवली त्यांनी ती सोडली, आणि आपण अजून काउंटरवर 'कॅटेगरी सी आहे' म्हणून बाईला परत पाठवतो.

सगळ्यात जास्त भीती आहे क्लोरॅम्फेनिकॉलची, आणि ती पूर्णपणे निराधार नाही. १९५९ मध्ये नवजात बाळांना या औषधाची मोठी मात्रा दिल्यावर ती राखाडी पडून दगावल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नव्हतं. पण ती मात्रा बाळाच्या दर किलो वजनामागे रोज शंभर मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक होती, आणि ती थेट बाळालाच दिलेली होती. आईच्या डोळ्यातल्या थेंबात पाव मिलिग्रॅम असतं. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०११ या काळातल्या जन्मांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत पहिल्या तिमाहीत क्लोरॅम्फेनिकॉलचे डोळ्याचे थेंब घेतलेल्या सुमारे सहा हजार स्त्रिया होत्या. त्यांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अस्थिमज्जा बंद पडण्याचा जो दुसरा धोका सांगतात, तो अतिशय विरळ आहे, पण तो मात्रेवर अवलंबून नसतो असं मानलं जातं. म्हणून माझं मत असं: पर्याय असेल तर पर्याय वापरावा, विशेषतः शेवटच्या आठवड्यांत आणि बाळ महिन्याभराचं होईपर्यंत. पण दुसरं काही हाताशी नसेल आणि डोळ्याला गरज असेल, तर क्लोरॅम्फेनिकॉल नाकारू नये.

'डोळ्याला गरज असेल' म्हणजे काय, हे आपल्या परभणी जिल्ह्याच्या संदर्भात नीट सांगायला हवं. आपल्याकडे गरोदर बाई घरात बसत नाही. मानवत-सेलूच्या पट्ट्यात ती कापूस वेचते, सोयाबीनच्या काढणीला जाते, आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या आगेमागे नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघते. मजुरीची आगाऊ उचल दोघांच्या, म्हणजे एका कोयत्याच्या, नावावर घेतलेली असते. सहावा-सातवा महिना आहे म्हणून मुकादम उचल सोडत नाही. उसाचं पान कडेने करवतीसारखं असतं. मोळी बांधताना ते बुबुळावरून ओढलं गेलं की वरचा थर खरचटतो. त्या क्षणी दिसतं काय, तर डोळ्यात पाणी, थोडी लाली, उजेड सहन न होणं. पहिल्या दिवशी ती पदराच्या टोकाने डोळा पुसते. फडावरची एखादी शेजारीण जिभेच्या शेंड्याने कचरा काढून देते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो, आणि महिन्याभरात डोळ्यात कायमचं फूल पडतं.

या अवस्थेसाठी नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेवकांनी, डॉक्टरांनी नव्हे, डोळा खरचटलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचं एक टक्का मलम दिवसातून तीनदा, असं तीन दिवस दिलं. ९६ टक्के डोळे जंतुसंसर्ग न होता बरे झाले, आणि जे इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत आले त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. तीन दिवस, एक स्वस्त मलम. हेच मलम आपण गरोदर बाईला 'राहू द्या' म्हणून नाकारतो. मग व्रण झाल्यावर काय होतं ते मोजा. तासातासाला दोन-दोन तीव्र प्रतिजैविकांचे थेंब, तेही कित्येक दिवस. व्रण बुरशीचा असेल, आणि शेतातल्या इजेनंतर तो पुष्कळदा असतो, तर नॅटामायसिन. त्यानेही आटोक्यात आला नाही तर पोटातून देण्याची बुरशीविरोधी औषधं, ज्यांतली व्होरिकोनाझोलसारखी औषधं गर्भारपणात खरोखरच टाळायची असतात. बुबुळ फुटलं तर भूल देऊन शस्त्रक्रिया. बाळाच्या हिताने सुरू झालेली सावधगिरी शेवटी बाळाला यांतल्या प्रत्येक गोष्टीपुढे उभं करते.

आता आक्षेप. पहिला आणि रास्त आक्षेप असा, की गरोदर स्त्रियांवर या थेंबांच्या रीतसर चाचण्या झालेल्याच नाहीत. मग खात्रीने कसं सांगता? अशा चाचण्या बहुतेक औषधांच्या नाहीत आणि नैतिक कारणांनी लवकर होणारही नाहीत. म्हणून आपण तीन गोष्टी जोडून पाहतो: रक्तात किती जातं, त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेने गर्भावर काय झालं, आणि उपचार न केल्यास काय होतं. तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर निर्णय घेणं हे आपलं काम आहे. माहितीपत्रकावरचं 'संभाव्य लाभ धोक्याहून अधिक असेल तरच वापरावे' हे वाक्य म्हणजे बंदी नव्हे. लाभ-धोक्याचा विचार कुणीतरी जबाबदारीने करावा एवढंच ते सांगतं. तो विचार केस पेपरवर दोन ओळींत लिहिला, तर कोर्टकचेरीच्या भीतीनेही गांगरून जायचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: 'थेंब सुरक्षित आहेत' असं जाहीरपणे म्हटलं, तर लोक काउंटरवरून वाटेल ते थेंब घेतील. हे खरं आहे, आणि आजही घेतातच. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये आळंदी परिसरापासून डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली, मराठवाड्यातही आली. ती मुख्यतः विषाणूची साथ होती. त्या विषाणूवर कुठलंही प्रतिजैविक चालत नाही. आठ-दहा दिवसांत डोळा आपोआप निवळतो. तरी घरोघरी एकच बाटली आणून सगळ्यांच्या डोळ्यांत घातली गेली, आणि बाटलीच्या टोकाने साथ एका डोळ्यातून दुसऱ्यात गेली. अशा साथीत गरोदर बाईसाठी सर्वांत सुरक्षित प्रतिजैविक म्हणजे कुठलंच नाही. थंड पाण्याच्या घड्या, हात धुणं, वेगळा टॉवेल, फार टोचत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, इतकंच पुरे. म्हणजे एकीकडे गरज असताना नाकारणं आणि दुसरीकडे गरज नसताना देणं, या दोन्ही चुकांचं कारण एकच: डोळा न पाहता निर्णय.

काउंटरवरच्या विक्रीत माझी खरी काळजी प्रतिजैविकाची नाही, त्याच्यासोबत आलेल्या स्टिरॉइडची आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोन, क्लोरॅम्फेनिकॉल-डेक्सामेथासोन अशा जोड बाटल्या सर्रास विकल्या जातात, कारण त्यांनी लाली एका दिवसात उतरते आणि गिऱ्हाईक खूश होतं. हर्पीसचा व्रण असेल किंवा बुरशीचा, तर त्या खुशीच्या आड बुबुळ विरघळत असतं. उसाच्या पानाने इजा झालेल्या बाईच्या हातात ही बाटली पडणं हा गर्भाला नव्हे, पण तिच्या नजरेला उघड धोका आहे. औषध विक्रेते बंधूंनो, कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन आहेत. बाहेरून लावायच्या औषधांना तिथे सूट असली तरी डोळ्यांच्या औषधांना ती नाही. चिठ्ठी पाहणं, डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहिणं, ती वही तीन वर्षं जपणं, हे करायचंच आहे. गिऱ्हाईकाला नाही म्हणण्यासाठी याहून भक्कम आधार कोणता?

अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण तिथे हिशेब आणखी सोपा आहे. थेंबातून रक्तात गेलेल्या थोड्याशा औषधाचा अगदी लहान अंश दुधात उतरतो. बाळाला पाजल्यानंतर थेंब घालावा, डोळा मिटावा आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरावा. टिमोलॉलवरच्या अभ्यासांत एवढ्या एका कृतीने रक्तात जाणारं औषध निम्म्याहून कमी झालं. ही कृती गरोदर बाईलाही शिकवायची आहे, आणि ती शिकवायला एक मिनिट लागतं. डोळ्यात थेंब घालायचे म्हणून दूध तोडायला सांगणं हे मात्र मी चुकीचंच नव्हे तर हानिकारक मानतो. आपल्याकडे आईचं दूधच डोळ्यात पिळण्याची रीत आहे, बाळाच्या आणि मोठ्यांच्याही. त्यामागची माया मी जाणतो, पण दुधाने जंतू मरतील असा भरवसा धरता येत नाही. काजळ आणि सुरमा यांत शिसं असू शकतं. ज्या घरात थेंबांची भीती आहे, त्याच घरात बाळंतीण आणि बाळ दोघांच्या डोळ्यांत ते बोटाने घातलं जातं.

बाळाच्या डोळ्यांवरून एक गोष्ट इथेच सांगतो: नवजात बाळाचे डोळे पहिल्या आठवड्यात पुवाने भरले, तर तो आईच्या संसर्गाचा निरोप असू शकतो. जर्मनीत क्रेडे यांनी १८८१ मध्ये जन्मतःच थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि दहा टक्क्यांच्या आसपास असलेला हा आजार एक टक्क्याच्याही खाली आणला. आज अशा बाळाला नुसते थेंब पुरत नाहीत. इंजेक्शन किंवा पोटातून औषध लागतं, आणि आईवडिलांनाही. गोनोकॉकसचा पू असेल तर बुबुळ फुटायला फार वेळ लागत नाही. ते बाळ त्याच दिवशी परभणीला पोचलं पाहिजे.

तिसरा आक्षेप सोयींचा: नेत्रतज्ज्ञ शहरात, बाई जिंतूरच्या पलीकडच्या तांड्यावर. परभणी तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर, मजुरी बुडणार, मग ती येणार कशी? २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, त्याने काही अंतर कमी होईल, सगळं नाही. पण पहिली तपासणी करायला नेत्रतज्ज्ञ लागत नाही. एक टॉर्च, फ्लुओरेसिनची कागदी पट्टी, निळा प्रकाश. पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली की खरचटलेली जागा हिरवी चमकते. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर होऊ शकतं. हिरवं चमकलं आणि बुबुळावर पांढरं काही नसेल, तर तीन दिवस मलम आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहणं. पांढरं दिसलं, दृष्टी कमी झाली किंवा दुखणं फार असेल, तर त्याच दिवशी परभणी.

आणि डोळा लाल नसताना 'अंधारल्यासारखं होतं', 'डोळ्यांपुढे काजवे चमकतात' असं सातव्या-आठव्या महिन्यातली बाई सांगत असेल, तर थेंबांचा विषयच काढू नका. आधी रक्तदाब मोजा, लघवीतली प्रथिनं पाहा. ती डोळ्याची तक्रार झटके येण्याआधीची सूचना असू शकते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. त्या रांगेत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिलं जातं. डोळ्याबद्दल कुणी विचारत नाही. या परिषदेपुढे मी ठेवतो ती मागणी एवढी आहे, की ऑक्टोबरच्या ९ तारखेला, टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी, ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डाच्या मोकळ्या जागेत वैद्यकीय अधिकाऱ्याने सहीनिशी लिहावं: डोळ्याला पान लागल्यास त्याच दिवशी जवळच्या केंद्रावर दाखवावे, गर्भारपण आहे म्हणून प्रतिजैविक मलम नाकारू नये, स्टिरॉइड असलेले थेंब देऊ नयेत. फडाजवळच्या ज्या केंद्रावर ती जाईल तिथल्या डॉक्टरला ती ओळखीची नसेल, पण ही सही त्याला निर्णय घ्यायला पुरेशी असेल. दुपारच्या खुल्या सत्रात स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि नेत्रतज्ज्ञांनी मिळून या मजकुराचे शब्द पक्के करावेत, अशी मी विनंती करतो.